बारा ग्लासांचा तक्ता

२० फेब्रुवारी

राजकुमारी,

आशीर्वाद. घ्यायचा की नाही ते तू ठरव.

इथल्या हिरालालची मुलगी तुझ्या बिरसीत दिली आहे. तिच्याकडून कळलं की तुला अंगणात भोवळ आली, वरचं बीपी एकशे सत्तर निघालं आणि तू डॉक्टरला म्हणालीस, "होते असं कदीमदी." होत नसतं असं कधीमधी. तू सदुसष्टची झालीस. माझा फोन तू उचलत नाहीस, म्हणून लिहिते. लिहिलेलं निदान चुलीत जाण्याआधी डोळ्यांखालून जातं.

अकरा वर्षांपूर्वीचं मी काढणार नाही. हे पत्र फक्त तब्येतीचं आहे.

थंडी सरते तेव्हाचे हे दिवस म्हाताऱ्यांना फार फसवतात. इथे सकाळी बोदलकशाच्या तलावावरून गार वारा येतो आणि बाराला पाठ भाजते. शाल एकदम टाकायची नाही. अंधारात फिरायला निघायचं नाही, ऊन अंगणात उतरू द्यायचं. उठल्याबरोबर उभं राहायचं नाही. खाटेच्या कडेला बसून वीस आकडे मोजायचे आणि मग पाय जमिनीला लावायचे. तुझी भोवळ अर्धी त्यानेच जाईल. आंब्याला मोहोर आहे, शिंका येत असतील तर झाडाखालची खाट हलव. मोहाच्या झाडाखाली अनवाणी जाऊ नकोस. पाचोळ्यात काय बसलेलं असतं ते आपल्याला दिसत नाही आता.

मुख्य गोष्ट पाणी आणि मीठ. पाणी दिवसाला बारा ग्लास, मोजून. मीठ जवळजवळ बंद. लोणचं, पापड, चटणी बंद. आणि ती बासी बंद. आदल्या दिवशीचा भात पाण्यात भिजवायचा, वर कांदा आणि बचकभर मीठ, आणि म्हणायचं पोट थंड राहते. मी पंचाहत्तर साली नागपुरात गृहविज्ञान शिकले ते शिळा भात खायला नाही.

मी इथे चौदा म्हाताऱ्यांचं मंडळ चालवते. दर रविवारी समाजमंदिरात. प्रत्येकाला तक्ता आखून दिला आहे, ग्लास प्यायला की खूण करायची. पहिल्या दिवशी हिरालाल म्हणाला, "मॅडम, मीठ सोडलं त भाजी घशाखाली कशी जाईल?" मी म्हटलं, भूक लागली की जाईल. शेजारची रुख्मा म्हणाली, "एवढं पानी पेऊन मी घरात राहू का संडासात?" सगळे हसले. पण आता चौदाही तक्ते भरून येतात. शिस्त लावली की लागते.

जानेवारीत मलाही बीपी निघालं. डॉक्टरांनी लघवी वाढवणारी एक लहान गोळी दिली आणि मीठ कमी करा म्हणाले. मी कमी नाही, बंदच केलं. तुझ्या डॉक्टरलाही तीच गोळी लिहायला सांग. सोबत तक्ता पाठवते.

आपल्या मायचं शेवटचं वर्ष तू पाहिलंस. घरात तीस वर्षं बैल नव्हते आणि ती बैल सोडायला उठायची. मला विचारायची, "तू कोनाची पोर वो?" मला तसं व्हायचं नाही, आणि तुला होऊ द्यायचं नाही. एवढ्यासाठीच लिहिलं.

योगेश्वरी


४ मार्च

राजकुमारी,

उत्तर नाही. ठीक आहे. अपेक्षा नव्हती.

तक्ता सुरू केलास की नाही एवढं एका ओळीत कळव. हिरालालच्या मुलीकडे निरोप दिलास तरी चालेल.

इथे ऊन चढायला लागलं. माझं डोकं आठ दिवसांपासून जड आहे आणि सकाळी मळमळतं. पाणी कमी पडत असणार. मी पंधरा ग्लास केले.

रुख्मा अलीकडे वस्तू हलवते. चष्मा मी देवळीत ठेवते, तो पिठाच्या डब्यात निघाला. तिला विचारलं तर म्हणते, "मी कायले तुमच्या पिठात हात घालू?" रविवारी मंडळात मी खाटेच्या कडेला बसण्याचा धडा दिला. नंतर रुख्मा म्हणाली, हाच धडा मी मागच्या रविवारी दिला होता, आणि आज दोनदा दिला. दोनदा द्यावाच लागतो त्यांना.

माय माझ्याकडे होती तेव्हा तू दुपारी येऊन तिला बासी भरवायचीस. मी कॉलेजात असायचे. मला कळत नव्हतं असं तुला वाटत होतं. मीठ तू पदराच्या गाठीत आणायचीस. ज्या दिवशी मी लवकर आले त्या दिवशी कटोरा तुझ्या हातात होता आणि मायच्या हनुवटीवर भाताचं शीत होतं. तिला बीपी होतं, राजकुमारी. डॉक्टरने मीठ वर्ज्य सांगितलं होतं. मी ताट मोजून वाढत होते, पाणी मोजून देत होते, आणि तू.

हे काढणार नव्हते. काढलं गेलं.

काल बाजारातून मी तीनदा हळद आणली असं दिसतं. स्वयंपाकघरात तीन पुड्या आहेत. दुकानदाराची चूक असेल.

योगेश्वरी


१२ फेब्रुवारी

खोडते. मार्च. १२ मार्च.

राजकुमारी,

सरळ लिहिते, कारण उमेंद्र तुला फोन करेल आणि तो वाढवून सांगेल. मुलगा आहे, घाबरतो.

परवा मी घरून पोस्टात जायला निघाले. त्यानंतर मी बोदलकशाच्या तलावाच्या पाळीवर होते. मधला रस्ता मला आठवत नाही. तो पाच किलोमीटर आहे. खाली ढीवर जाळी झटकत होते आणि मी चप्पल हातात घेऊन उभी होते. हिरालाल आपल्या लुनावर तिकडून येत होता.

"मॅडम, कोठी जाऊन राहिल्या?"

मी म्हणाले, "कॉलेजला. पहिला तास आहे."

त्याने लुना वळवली. म्हणाला, "आज सुट्टी हाये, मॅडम. बसा मांगे."

मी थट्टा केली असं त्याला घरी आल्यावर सांगितलं. तुला सांगते, थट्टा नव्हती. मला तास होता. वर्गात कोण मुली बसल्या असतील तेही मला दिसत होतं. निवृत्त होऊन दहा वर्षं झाली.

उमेंद्र नागपूरहून आला. ओसरीत उभा राहून फोनवर बायकोशी बोलत होता. त्याला वाटतं माझे कानही गेले. "रुचि, आजीसारखंच सुरू झालं," म्हणाला. "पाडवा झाला की घर बंद करून तिकडेच आणतो. एकटं ठेवता येणार नाही."

मी बाहेर जाऊन म्हणाले, "घर माझं आहे. मी सही करते तोवर मी ठरवीन."

तो म्हणाला, "आई, आज वार कोणता?"

मी गुरुवार म्हणाले. मंगळवार होता. कोणाचाही चुकू शकतो. पण त्याच्या चेहऱ्याकडे पाहून मला कळलं की आता मी काहीही चुकले की ते त्याच्यासाठी पुरावा असणार. मी मायला असंच विचारायचे. वार कोणता, मी कोण, मुख्यमंत्री कोण. ती चुकली की मी वहीत लिहायचे.

एक विचारायचं आहे. मायचं सुरू झालं तेव्हा तिला आतून कळत होतं का? ती तुला काही म्हणाली होती का? तुझ्याशी ती बोलायची.

आज सोळा ग्लास झाले. की सतरा. तक्त्यावर एकाच रकान्यात दोन खुणा आहेत.

योगेश्वरी


१६ मार्च

राजू,

होळी झाली असं म्हणतात. माझ्या पायाला गोळे येतात. अक्षर वाकडं येतं आहे, समजून घे.

माय नाही हे मला माहीत आहे. तेरवीला आपण दोघी होतो, तूच पत्रावळी मांडल्यास. पण सकाळपासून अंगणात कोणी टोपली घेऊन बसलं आहे आणि मोह पडला, मोह पडला म्हणतं. रुख्मा म्हणते कोणी नाही. रुख्मा खोटं बोलत नाही. मग मी दोन्ही कसं मानू?

तेरवीला मी सगळ्यांसमोर म्हणाले होते, मायला हिनेच मारलं, मीठ चारून मारलं. तू पत्रावळी तशाच टाकून गेलीस. मला आज ते अगदी काल झाल्यासारखं आहे, आणि काल काय झालं ते नाही.

तुला बोलवायला लिहिते आहे की येऊ नको सांगायला, ते विसरले. पाणी पिऊन येते.

यो


२५ मार्च, गोंदिया

राजकुमारी,

आधी हे वाच, बाकीचं नंतर. तक्ता बंद कर. आज, आत्ता. तहान लागेल तेवढंच पाणी पी आणि जेवणात नेहमीसारखं मीठ घे. गोळी दिली असेल तर स्वतःच्या मनाने थांबवू नकोस आणि चालूही ठेवू नकोस, डॉक्टरला विचारून ठरव. हे पत्र घेऊन उमेंद्र तुझ्या दारात आला आहे. त्याच्या गाडीत बस आणि गोंदियाला येऊन रक्त तपासून घे. सोडियम तपासा म्हणावं. नकार देऊ नकोस. मी सांगते म्हणून नको, तो सांगतो म्हणून ऐक.

आता कारण.

सतरा तारखेला रुख्मा दूध घेऊन आली तेव्हा मी नळाजवळ पडले होते आणि हातात ग्लास होता. हिरालाल आणि तिने मला गाडी करून इथे दवाखान्यात आणलं. पहिले दोन दिवस मला आठवत नाहीत. म्हणे मी नर्सची गैरहजेरी लावली.

डॉक्टर टीना म्हणून एक मुलगी आहे. माझ्या विद्यार्थिनींपेक्षा लहान. उमेंद्रने तिला सांगून टाकलं, घरात हा आजार आहे, आजीला होता. तिने त्याच्याकडे पाहिलंही नाही. मला विचारलं, "मॅडम, पानी कितना पीते हो?"

मी रुख्माला पिशवीतून तक्ता काढायला सांगितला. डॉक्टरने तो उलटसुलट पाहिला.

"सतरा ग्लास? आणि नमक?"

"बंद. जानेवारीपासून."

"किसने बोला बंद करने को?"

"कमी करा म्हणाले होते."

"कम और बंद में फरक है ना, मॅडम? आप तो पढ़ी-लिखी हो." मग तिने कागद पुढे केला. "ये देखो. सोडियम एकशे पस्तीसच्या वर पाहिजे. तुमचं एकशे चौदा आहे. गोळी मीठ बाहेर काढत होती, तुम्ही आत टाकत नव्हत्या, आणि वरून पाणी ओतून राहिल्या. डोकं कसं चालेल?"

मी विचारलं, मग मला वेड लागलं नाही? ती म्हणाली, "वेड कसलं? मीठ संपलं."

ते एकदम भरून काढता येत नाही, मेंदूला धोका असतो. थोडं थोडं करत सात दिवस लागले. गोळी बदलली. चौथ्या दिवशी मला खिडकीबाहेरची पाटी वाचता आली. पाचव्या दिवशी उमेंद्रने घाबरत वार विचारला. मी सांगितला, तारीख सांगितली, आणि त्याच्या शर्टाचं एक बटण वरखाली लागलं आहे तेही सांगितलं. तो रडला. घर बंद करण्याचं त्याने परत काढलेलं नाही.

सगळं इथे संपायला हवं होतं. पण काल रुख्मा घरून पत्र घेऊन आली. तुझं कार्ड. आठ मार्चचं. मी दवाखान्यात असताना पोचलं.

"मोठीबाई, नमस्कार. तुझा तक्ता भिंतीवर लावला. बारा ग्लास पिते. मीठ सोडलं. गोळीचं डॉक्टरले विचारते. राजकुमारी."

हे मी वीसेक वेळा वाचलं. अकरा वर्षं तू माझं एक अक्षर ऐकलं नाहीस. उमेंद्रच्या लग्नाला बोलावलं, आली नाहीस. माझे यजमान गेले तेव्हा तू दारापर्यंत येऊन परत गेलीस असं लोक म्हणाले. आणि ऐकलंस ते नेमकं हे. का ऐकलंस? मला समेट हवा होता म्हणून मी तक्ता पाठवला का, ते मला सांगता येत नाही. तुला समेट हवा होता म्हणून तू मीठ सोडलंस का?

मी तुला फोन लावला. अकरा वेळा. तू नेहमीसारखा उचलला नाहीस की उचलता आला नाही, हे मला इथून कळत नाही. म्हणून उमेंद्रला पाठवते.

आणखी एक आहे. ते आता नाही लिहिलं तर नंतर लिहिणार नाही.

मायच्या त्या वर्षी मी परीक्षेच्या कामाला आठ दिवस नागपूरला गेले होते आणि तू येऊन राहिली होतीस. मी परत आले तर मायने मला नावाने हाक मारली. चहात साखर कमी आहे म्हणाली. तू म्हणालीस, "पाह्य, सुधरली." मी म्हणाले, दोन दिवस टिकेल. आणि पुन्हा तिचं ताट हातात घेतलं. दोन नाही, दहा दिवस टिकलं.

मी डॉक्टर टीनाला हे सगळं सांगितलं. तारखांसह. मायलाही लघवीची गोळी होती हेही. तिने सगळं लिहून घेतलं. मग म्हणाली, "उमर भी थी उनकी. रक्त तपासलं होतं का?" नव्हतं. "तो फिर नहीं बोल सकते, मॅडम. होही शकते, नाहीही."

होही शकते, नाहीही. हे घेऊन मी काय करू ते मला कळत नाही. आता डोकं चालतं आहे आणि तरी कळत नाही. मी दोषी आहे असं ठरलं असतं तर मी तुझ्या पाया पडले असते. नाही ठरलं असतं तर गप्प बसले असते. दोन्हींच्या मधलं मी कॉलेजात शिकले नाही.

पण तेरवीला मी जे म्हणाले ते खोटं होतं. त्यात मध्ये काही नाही. तू तिला मारलं नाहीस.

गाडीत बस.

योगेश्वरी


१ एप्रिल

राजकुमारी,

तुझा रिपोर्ट उमेंद्रने वाचून दाखवला. एकशे एकोणचाळीस. मी त्याला दोनदा वाचायला लावलं, मग कागद मागून घेऊन स्वतः वाचला.

मग त्याने तुझ्या दारातलं सांगितलं. तू पत्र वाचत होतीस तेव्हा वरून बिरसी विमानतळाचं शिकाऊ विमान गेलं आणि तू मान वर न करता वाचत राहिलीस. शेवटपर्यंत. नंतर त्याने विचारलं, "मावशी, तक्ता कधीपासून चालू?" तर तू डोळे पुसत हसलीस म्हणे. "काऊन भेतोस बापा? मी कोठी पाळला! मी त रोज सकाळी बासी खाऊन राहिली." भिंतीवर तक्ता लावला होतास तेवढं खरं. त्यावर रोजच्या बारा खुणा होत्या, तेही खरं. त्या खुणा तू आठवड्याच्या एकदम करायचीस.

"मग कार्ड तसं का लिहिलं?" उमेंद्रने विचारलं.

"मोठीबाईले बरं वाटावं म्हणून."

मला बरं वाटलं नव्हतं, माझा जीव गेला होता. पण ते राहू दे. बीपीकडे दुर्लक्ष करू नकोस. मीठ कमी कर, डॉक्टर सांगेल तेवढं. कमी, बंद नाही. फरक मला आता पाठ आहे.

पाडव्याच्या दुपारी मी मंडळाला समाजमंदिरात बोलावलं. डिस्चार्ज मिळून दोनच दिवस झाले होते. उभी राहून सांगितलं की माझा तक्ता चुकीचा होता, तुमचा जीव मी धोक्यात घातला, मला क्षमा करा. आयुष्यात पहिल्यांदा म्हणाले. सगळे चपलांकडे पाहत होते. शेवटी हिरालालने घसा साफ केला.

"मॅडम, रागावू नका. आमी त कवाच नाही पाळला."

"कोणी नाही पाळला?"

"कोनीच नाही."

रुख्मा म्हणाली, "मी समाजमंदिराच्या पायरीवरच खुना करत होती. हा हिरालाल माझाच कागद पाहून करे."

चौदा तक्ते. तीन महिने. मी दर रविवारी लाल पेनाने सही करत होते. मी खुर्चीवर बसले आणि हसू आलं. मग सगळेच हसले. रुख्माने चिवड्याचा डबा उघडला. घरी येईपर्यंत मी हसत होते.

घरी आल्यावर ताट घेतलं, भात वाढला, मीठ घातलं, आणि तेव्हा लक्षात आलं. तुम्ही सगळे पंधरा जण सुटलात, कारण तुम्हाला माझ्यापासून लपवता येत होतं. मी अडकले, कारण माझी प्रत्येक खूण खरी होती. आणि माय. तिला खोटी खूण करता आली नसती, राजकुमारी. तिचं ताट मी वाढत होते.

योगेश्वरी